चंद्रसेनाचं वय

भोंगवलीच्या शाळेच्या पायरीवर तुम्ही बसला आहात. मार्चची अखेर. शाळूची काढणी उरकली आहे, रानं मोकळी पडली आहेत आणि दिवसभर तापलेला पायरीचा दगड अजून गरम लागतोय. रविवार, म्हणून शाळा बंद. पडवीत रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलाय. रोजचे टोले खाऊन त्याच्या खालच्या टोकाला चकाकी आली आहे. पश्चिमेकडून, बऱ्याच लांबून, पुणे-सातारा रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर येते.

समोर विशीतला एक पोरगा उभा आहे. भोरला कॉलेजात जातो, पुढच्या आठवड्यात त्याची एकपात्रीची स्पर्धा आहे. अंगात टी-शर्ट, खांद्यावर आजोबांची घोंगडी. ‘नटसम्राट’मधलं ते स्वगत तो म्हणतोय, जगण्या-मरण्याच्या सवालाचं. नाटकाचं तिकीट ज्यानं जन्मात कधी काढलं नाही, त्यालाही हे स्वगत महाराष्ट्रात अर्धंमुर्धं पाठ असतं. कुणी गॅदरिंगमध्ये ऐकलेलं असतं, कुणी यात्रेत, कुणी मोबाइलवर.

तुमच्या शेजारी त्याचे आबा तंबाखू मळत बसलेत.

“थांब,” आबा म्हणतात. “तिथं श्वास नाही घ्यायचा, बाळा.”

“मग कुठं घेऊ?”

“सवाल टाकायच्या आधी. टाकून झाल्यावर घेतलास तर माणूस दमलेला वाटतो. आधी घेतलास तर भ्यालेला वाटतो. हा माणूस भ्यालाय.”

“पण आबा, नाना पाटेकरांनी...”

“नानांचं नानांपाशी. मी लागूंचं बघितलंय. बालगंधर्वला, शेवटच्या रांगेत बसून.”

पोरगा गप्प होतो. तुम्हाला मात्र आबांच्या बोलण्यातलं काहीतरी लागून राहतं. ‘नटसम्राट’च्या नायकाच्या, बेलवलकरांच्या तोंडचा हा सवाल मुळात त्यांचा नाही, तो हॅम्लेटचा. आणि हॅम्लेट तर तरुण राजपुत्र होता, फार तर तिशीचा. मराठीत आला तेव्हाही तो तरुणच होता. मग आपल्याकडे तो म्हाताऱ्याच्या गळ्यात कसा जाऊन बसला? इतका पक्का, की वीस वर्षांच्या पोरालाही तो सवाल टाकायला घोंगडी पांघरावी लागते?

आबा उठतात. पायरीखालचा दगड उचलतात आणि रुळाच्या तुकड्यावर एक टोला हाणतात.

“तिसरी घंटा,” ते म्हणतात. “आता कुणी जागचं उठायचं नाही.”

नाद विरत जातो आणि तुमच्या मांडीखालचा दगड गार पडतो. ओलसर. ऑक्टोबर १८८२. मुंबईतला डोंगरीचा तुरुंग.

खोलीत दोघं जण आहेत, दोघंही सव्वीस वर्षांचे. बाहेर पडल्यावर काय करायचं यावर त्यांचा वाद चाललाय, इतका मोठ्यानं की पहारेकरी येऊन दटावून जातो. बोलता बोलता मधेच ज्याला धाप लागते तो गोपाळ गणेश आगरकर. दमेकरी माणूस. दुसरा टिळक. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुराव्याची म्हणून छापलेली पत्रं बनावट निघाली आणि ‘केसरी’, ‘मराठा’च्या या दोन तरुणांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी भोगले एकशे एक दिवस.

खटला कशावरून झाला ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यात आहे. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांना वेड लागलंय असं सरकारदरबारी ठरलं होतं. ते खरंच वेडे आहेत की छळून त्यांना वेडं ठरवलं जातंय, हा प्रश्न या दोघांनी छापून विचारला होता. आणि आता याच कैदेत आगरकर शेक्सपिअरचं नाटक मराठीत उतरवताहेत. कुठलं? ज्यातला राजपुत्र वेडा आहे की वेडाचं सोंग घेतोय हे दरबारात कुणालाच ठरवता येत नाही, ते.

तुम्ही त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे बघता. आगरकर राजपुत्राचं नाव बदलतात. चंद्रसेन. नाटकाला ते ‘विकारविलसित’ म्हणतील आणि पुढल्या वर्षी, १८८३ मध्ये, ते छापून येईल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, अहमदनगरला ठेवलेले कोल्हापूरचे महाराज गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मरतील. वय वीस. मराठी हॅम्लेट जन्मला तो असा. या खोलीत, जिथं वेडा ठरवलेला राजपुत्र ही पुस्तकातली गोष्ट नव्हती. डेन्मार्क इथून कुठल्या दिशेला, हे ठाऊक असायची गरजच नव्हती.

आगरकर लिहितात, थांबतात, छातीवर हात ठेवून श्वास गोळा करतात, पुन्हा लिहितात. त्या स्वगतापाशी ते किती वेळा थांबले असतील असं तुमच्या मनात येतं. ज्याला एकेक श्वास मोजून घ्यावा लागतो, त्याच्या हातून ते वाक्य मराठीत येतंय.

पुन्हा टोला. आता रात्र आहे आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. हाच रस्ता, पण डांबर नाही. शिरवळकडून नीरा ओलांडून बैलगाड्या वर येताहेत. पुढे कात्रजचा बोगदा, मग पुणं. एका गाडीत गुंडाळलेले रंगवलेले पडदे आहेत, एकीत ट्रंका, आणि ट्रंकांवर उशाला हात घेऊन निजलेली माणसं. एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक. भोर हे पंतसचिवांचं संस्थान आहे, आणि अशा नाटक मंडळ्या साताऱ्याहून पुण्याकडे, पुण्याहून मिरजेकडे, कधी गाडीवाटेनं तर कधी नव्या आगगाडीनं हिंडताहेत. साताऱ्याचं दुसरं नाव शाहूनगर. म्हणून मंडळीचं नाव शाहूनगरवासी.

तुम्ही त्यांच्या मागोमाग पुण्यात पोचता आणि पिटात जागा धरता. रॉकेलच्या दिव्यांचा वास, पान, घाम. हा जमाना किर्लोस्करांच्या संगीत नाटकाचा, लोक पदांसाठी जीव टाकतात. ‘विकारविलसित’मध्ये मात्र पद नाही, पेटी नाही, वन्समोअर नाही. नुसतं बोलणं. माणूस समोर येणार आणि विचार करणार.

तो येतो. गणपतराव जोशी, जन्म १८६७. आज तिशीच्या आत-बाहेर, म्हणजे बरोबर चंद्रसेनाच्या वयाचा. लोक त्याला महाराष्ट्राचा गॅरिक म्हणतात. शेक्सपिअर समजावून त्याची तालीम घेतली ती फर्ग्युसनच्या वासुदेवराव केळकरांनी, ‘त्राटिका’ लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी. मंडळीत स्त्रीभूमिका करायला बाळाभाऊ जोग आहेत, ‘त्राटिका’तली त्राटिका त्यांचीच. या सगळ्याचं मला राहून राहून नवल वाटतं. नट मंडळीतच घडलेला, शिकवणारा प्राध्यापक, आणि दोघांच्या मधे एक इंग्रजी पुस्तक. तरी रंगमंचावर जे उभं राहिलं ते अनुवादासारखं वाटलं नाही.

आता आजूबाजूच्या माणसांकडे बघा, कारण हे नाटक जितकं वर चाललंय तितकंच खालीही. बापाचं भूत येतं तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अतृप्त पितर घरोघरचे आहेत, पितृपक्षात त्यांच्या नावानं पान वाढलं जातं. पण आईनं दिराशी लग्न लावलं हे कळतं तेव्हा पिटात एक वेगळीच शांतता पसरते. कारण बाहेर पुण्यात याच प्रश्नावर डोकी फुटायची वेळ आली आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, त्याची चर्चा अजून विझलेली नाही. आणि हे नाटक मराठीत आणलं कुणी? विधवांच्या बाजूनं आयुष्यभर भांडलेल्या आगरकरांनी. त्यांचाच चंद्रसेन आईच्या पुनर्विवाहानं जळतोय. तुमच्या डावीकडचे पगडीवाले गृहस्थ त्याच्या संतापाला मान डोलावताहेत, आणि ते का डोलावताहेत हे तुम्हाला कळतं. आगरकरांनी हा विसंवाद पाहिला नसेल असं मला वाटत नाही. पाहिला आणि तरी शब्द जसाच्या तसा ठेवला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आणि मग ते स्वगत. गणपतरावांची छायाचित्रं आपल्याकडे आहेत, पण छायाचित्रातून आवाज येत नाही. म्हणून आत्ता कान देऊन ऐका. मला तो असा ऐकू येतो: ते सवाल एका दमात टाकतात. श्वास आधीही नाही, मधेही नाही. राखेखाली निखारा असावा तसा हा माणूस इतका वेळ धुमसत होता, आणि सवाल येतो तो भडका होऊन. पिटात तो सवाल वाटतच नाही, आव्हान वाटतं. मरणाला, देवाला, गोऱ्या साहेबाला, ज्याला जसं वाटेल तसं. वाक्य संपल्यावर गणपतराव श्वास घेतात आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

१९२२ साली ते गेले.

पुढची वर्षं भरभर सरकतात आणि सरकू द्यावीत. १९३५ मध्ये सोहराब मोदी ‘खून का खून’ नावाच्या बोलपटात उर्दूतून हॅम्लेट होतात. १९५४ मध्ये किशोर साहू हिंदीतून. दोन्ही धडपडींचं मोल आहे, पण राजपुत्र त्यांत आपल्या अंगणात येत नाही. मधे १९४८ साली लंडनमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए केस सोनेरी करून पडद्यावर उभे राहतात आणि एक अचाट गोष्ट करतात. स्वगताचा काही भाग ते ओठ मिटूनच ठेवतात, आवाज तेवढा मागून येतो. विचार आहे, पण श्वास नाही. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, ऑलिव्हिएंनाही मिळालं. तुम्ही त्या अंधारात बसून बघता आणि तुम्हाला आबांची आठवण होते. ओठ मिटलेले असतील तर माणूस भ्यालाय की दमलाय, हे कळायचं कसं?

टोला. २३ डिसेंबर १९७०. मुंबई, बिर्ला मातोश्री सभागृह. गोवा हिंदू असोसिएशनचं नवं नाटक ‘नटसम्राट’, लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. पहिला प्रयोग. तुमच्या हातात तिकिटाचा अर्धा तुकडा आहे आणि आजूबाजूच्या कुणालाही अजून ठाऊक नाही की आज काय घडणार आहे.

गणपतराव बेलवलकर रंगमंचावर येतात. नाव पुन्हा गणपतरावच, हे तुमच्या लक्षात येतं. निवृत्त नट. सगळं मुलाबाळांच्या नावावर करून मोकळा झालेला. आधी मुलाच्या घरी नकोसा होतो, मग मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, मग रस्ता. सोबत कावेरी, शांता जोगांची, जिच्या नुसत्या उभं राहण्यात आयुष्यभराचा संसार दिसतो. गोष्टीचा सांगाडा ‘किंग लिअर’चा आहे, पण म्हाताऱ्याच्या ओठांवरचा सवाल राजपुत्राचा आहे. इथं, तुमच्या डोळ्यांदेखत, चंद्रसेन म्हातारा होतोय.

शिरवाडकरांनी असं का केलं असावं? मला वाटतं, त्यांनी आपलं घर नीट पाहिलं होतं. मराठी घरात तरुण मुलाला एकटं बसून असा सवाल विचारायला कोण देतं? त्याला नोकरी बघायची असते, बहिणीचं लग्न बघायचं असतं. सवालासाठी लागणारा रिकामा वेळ, रिकामी खोली आणि कुणालाही नको असणं हे आपल्याकडे म्हाताऱ्याच्या वाट्याला येतं. १९७० मधल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये पिशवी घेऊन मुलाकडून मुलीकडे, मुलीकडून मुलाकडे जाणारा बाप, तो खरा आपला हॅम्लेट. वडिलांचं भूत शोधायला तटावर जायची गरज नाही. वडील बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलेत.

आणि डॉक्टर श्रीराम लागू. साताऱ्यात जन्मलेला हा माणूस कान-नाक-घशाचा सर्जन. इंग्लंड, कॅनडात शिकला, आफ्रिकेत प्रॅक्टिस केली आणि १९६९ मध्ये डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आला. आज वय त्रेचाळीस. इतके गळे आतून पाहिलेला माणूस स्वतःचा गळा कसा वापरतो ते ऐका. आवाज छातीतून येतो, घशापाशी अडतो, खरखरतो, आणि मग शब्द होतो. त्यांच्या हातांकडे बघा. संतापाच्या वाक्यालाही बोटं उघडत नाहीत, शालीची कड धरून ठेवतात.

सवालाच्या आधी ते थांबतात. आबा बरोबर होते. लागू आधी श्वास घेतात, लहानसा, चोरटा, कुणी बघत नाही ना अशा बेतानं. जिना चढताना म्हातारी माणसं घेतात तसा. आणि मग सवाल येतो तो पुटपुटल्यासारखा, स्वतःच्याच छातीवर हनुवटी टेकवून. हे गणपतराव जोशांचं धुमसणं नव्हे. हे कुढणं. आत वळलेलं, रोज थोडं थोडं, जेवणाच्या ताटासमोर, अंधारात कूस बदलताना. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत हे किती बरं आहे.

या दोघांत मला कोण मोठा वाटतो असं कुणी विचारलं तर मी लागू म्हणेन, आणि ठामपणे म्हणेन. गणपतरावांनी राजपुत्राला मराठी बोलायला लावलं. लागूंनी त्याला मराठी घरात राहायला लावलं. पण लागूंच्या त्या चोरट्या श्वासामागे आगरकरांची धाप आहे हेही मला विसरता येत नाही.

बेलवलकरांची भूमिका लागूंपाशी थांबली नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त. वारीत दिंडीची वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसा हा म्हातारा हातोहात गेला. दुभाषींना स्वतःला म्हातारपण बघायला मिळालंच नाही, १९८० मध्ये चाळिशीतच ते गेले. त्यांनी पांघरलेलं ते वार्धक्य आता वाचतानाही अंगावर येतं.

पुढच्या टोल्याला तुम्ही परत भोंगवलीत आहात, पण १९७८ च्या यात्रेत. चार बांबू, एक पडदा, दोन गॅसबत्त्या. बत्तीवर किडे आपटताहेत. बायका एका बाजूला पदर सावरून बसल्यात, पोरं पुढे मातीत. रंगमंचावर चोवीस वर्षांचे आबा आहेत. केसांना टाल्कम पावडर, अंगावर गुरुजींचा मागून आणलेला कोट, बाहीला एक बटण कमी. ते श्वास आधी घेतात, शेवटच्या रांगेतून पाहून आले होते तसाच. आणि मग ती सगळ्यांना ठाऊक असलेली, घरासाठीची हाक देतात.

पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठते. काठी टेकत पुढे येते.

“चल बाबा,” ती म्हणते. “आमच्या सोप्यात ऱ्हा. येक भाकरी काय जड न्हाई.”

कुणी हसत नाही. आबा पुढचं वाक्य विसरतात. पडद्याआडून वाक्य सांगितलं जातं, दोनदा, पण त्यांना ते ऐकू येत नाही. ते नुसते तिच्याकडे बघत उभे राहतात.

१ जानेवारी २०१६. महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ सिनेमा, नाना पाटेकर. मोठा पडदा, अंधार, पॉपकॉर्नचा वास. कॅमेरा इतका जवळ की पापण्यांचे केस मोजावेत. नानांचे बेलवलकर कुढत नाहीत, धुमसतही नाहीत. ते तडफडतात. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे, दर वेळी सगळ्या अंगानं. श्वास प्रत्येक शब्दाला आहे, नाकपुड्या हलताना दिसतात. मला यात एक उणं जाणवतं: हा माणूस घराबाहेर पडायच्या आधीपासूनच इतका चिडलेला आहे की त्याला बाहेर काढणाऱ्यांना थोडं सोपं जातं. लागूंच्या म्हाताऱ्याला बाहेर काढणं कठीण होतं, म्हणून ते जास्त भयंकर होतं. पण विक्रम गोखल्यांबरोबर नाना समोरासमोर येतात, दोन म्हातारे नट इस्पितळात, तेव्हा तुम्ही हातातला खोका खाली ठेवता. तिथं नाना जरा वेळ शांत होतात, आणि त्या शांततेत ते फार मोठे नट दिसतात. नव्या पोरांपर्यंत हा म्हातारा पोचला तो नानांमुळे, याचं ऋण मानलंच पाहिजे.

आणि २०१८. नाना जोगांचं भाषांतर, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, सुमीत राघवन हॅम्लेट. राजपुत्र पुन्हा राजपुत्राच्या वेषात, केस काळे. तुम्ही बघता आणि तुम्हाला चुकल्यासारखं वाटतं, कारण सवाल आला की तुमच्या डोक्यात शाल येते, काठी येते, कावेरी येते. राघवन त्या म्हाताऱ्याला बाजूला सारून उभा राहतो, हीच त्याची कमाई. त्याचा श्वास झरझर येतो, विचार पुढे आणि जीभ मागे अशी तारांबळ. तरुण माणूस असाच विचार करतो. अठ्ठेचाळीस वर्षांत हे आपण विसरलो होतो.

शेवटचा टोला दिलाच नाही कुणी. तुम्ही पायरीवरच आहात. आबांची तंबाखू मळून झाली आहे, पण चिमूट तळहातावरच आहे. दगड आता निवलाय. रस्त्यावर ट्रकांचे दिवे लागलेत. लांबून शिरवळच्या कंपनीची बस वळते, पाळी सुटलेली.

“बाबा आले वाटतं,” पोरगा म्हणतो.

“येऊ दे. तू म्हण.”

“आबा, परवा बाबा म्हणाले, स्पर्धा झाली की कंपनीत नाव घालतो.”

आबा काही बोलत नाहीत.

“मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.”

“हं.”

पोरगा थोडा वेळ बसच्या दिव्यांकडे बघतो. मग खांद्यावरची घोंगडी काढतो, घडी करतो आणि आबांच्या मांडीवर ठेवतो. टी-शर्ट, चप्पल, वीस वर्षं. तो पडवीच्या मध्यावर जाऊन उभा राहतो. आवाज म्हातारा करायला घसा खाकरत नाही.

आबा पुढे वाकून बघताहेत. पोराची छाती भरते, सवालाच्या आधी.